विश्लेषण : चेंडूवरून मालकाशी बिनसले, मुलगा ऐन तारुण्यात गेला... गोल्फचे ‘ओल्ड टॉम’ कोण होते?

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे ‘ओल्ड कोर्स’ हे गोल्फचे माहेरघर मानले जाते. व्यावसायिक गोल्फपटूंची १५०वी ‘द ओपन’ स्पर्धा २०२२मध्ये येथेच झाली. या मैदानाला आजचे रूप देण्यात टॉम मॉरिस यांचा मोठा वाटा आहे.

वाद कशावरून झाला?

मॉरिस यांचा जन्म १६ जून १८२१ रोजी सेंट अँड्र्यूजमध्येच झाला. किशोरवयात ते ॲलन रॉबर्टसन यांच्याकडे चेंडू बनवायला शिकले. तेव्हाचा चेंडू म्हणजे पिसे ठासून भरलेली चामड्याची पिशवी. १८४८च्या सुमारास झाडाच्या चिकापासून बनवलेला स्वस्त ‘गटापर्चा’ चेंडू आला. रॉबर्टसन यांना त्यात धंद्यावर गदा दिसली. मॉरिस मात्र नव्या चेंडूने खेळले आणि दोघांचे फाटले.

पुढे काय घडले?

१८५१मध्ये मॉरिस प्रेस्टविकला गेले आणि तेथे १२ होलचे मैदान आखले. १८६०ची पहिली ‘ओपन’ तेथेच झाली. आठ खेळाडूंत मॉरिस दुसरे आले. नंतर त्यांनी १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७मध्ये विजेतेपद मिळवले. ४६व्या वर्षी ही स्पर्धा जिंकण्याचा त्यांचा विक्रम आजही अबाधित आहे.

मैदान कसे बदलले?

१८६०च्या दशकातच सेंट अँड्र्यूजने त्यांना मैदानाची देखभाल करण्यासाठी परत बोलावले. तेव्हा मैदान अरुंद होते, कडेला काटेरी झुडपे माजली होती. मॉरिस यांनी ती हटवून खेळाची वाट रुंद केली, नवी ग्रीन तयार केली. ग्रीनवर वाळू पसरली की गवत दाट येते, हे त्यांनी हेरले. ही पद्धत आजही जगभर वापरतात.

सर्वांत मोठा आघात कोणता?

मुलगा ‘यंग टॉम’ याने १८६८मध्ये, अवघ्या १७व्या वर्षी ‘ओपन’ जिंकली. एकूण चार वेळा तो विजेता ठरला. सप्टेंबर १८७५मध्ये बापलेक नॉर्थ बेरविकला खेळत असताना तार आली. यंग टॉमची पत्नी बाळंतपणात अत्यवस्थ होती. तो घरी पोहोचेपर्यंत पत्नी आणि बाळ दोघेही गेले होते. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, २४व्या वर्षी त्याचाही मृत्यू झाला.

मॉरिस यांनी त्यानंतरही सुमारे तीन दशके मैदान सांभाळले. सर्व अपत्यांचे मृत्यू त्यांना पाहावे लागले. मे १९०८मध्ये त्यांचे निधन झाले. ‘ओल्ड कोर्स’च्या शेवटच्या, १८व्या होलला आजही त्यांचेच नाव आहे.