गिटार न वाजवणारा गिटारवाला

शनिवारची संध्याकाळ. खराडीत ईऑन आयटी पार्कच्या आसपासचा शेअरिंगचा एखादा फ्लॅट. पलंगावर वर्तमानपत्र पसरलंय, त्यावर स्ट्रॅटोकास्टरच्या वळणाची गिटार पालथी... नाही, उताणी पडलीय. तारा काढलेल्या, वरची प्लास्टिकची पट्टी, म्हणजे पिकगार्ड, स्क्रू काढून उलटी केलेली. एकाच्या हातात सोल्डरिंग गन, दुसऱ्याच्या हातात मोबाइलची बॅटरी. कारण? डिस्टॉर्शन चालू केलं की गिटारपेक्षा भुणभुणच जास्त ऐकू येते. पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की आणखी वाढते. म्हणून ब्रिजजवळचा सिंगल कॉइल पिकअप काढून तिथे हंबकर बसवायचाय.

हा उद्योग करणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत असेल, की गिटार अशी खोलता येते ती एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसामुळे? आणि त्या माणसाला गिटार वाजवताच येत नव्हती!

लिओ फेंडर. जन्म 10 ऑगस्ट 1909, कॅलिफोर्नियात. आईवडिलांची संत्र्यांची बाग. आठव्या वर्षी गाठ झाल्यामुळे डावा डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसला. पोरगा रेडिओत रमला, पण कॉलेजात शिकला अकाउंटिंग. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री त्याच्याकडे कधीच नव्हती. पुढे जागतिक मंदीत नोकरी गेली. मग 1938मध्ये 600 डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं.

दुकानात आसपासचे वादक बिघडलेले अ‍ॅम्प घेऊन यायचे. कुठलं यंत्र कुठे दगा देतं, कुठला स्क्रू उघडायला त्रास होतो, हे लिओ रोज बघत होता. इथेच त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. वस्तू बिघडणारच, तेव्हा ती पटकन दुरुस्त झाली पाहिजे.

डॉक कॉफमन या मित्रासोबत त्याने गिटारचा पिकअप बनवला. तत्त्व सोपं आहे. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज निर्माण होते. ती अ‍ॅम्पमध्ये गेली की आवाज. 1946मध्ये लिओची स्वतःची कंपनी उभी राहिली आणि 1950 पासून भरीव लाकडाची गिटार बाजारात आली. आधी तिचं नाव होतं ब्रॉडकास्टर. पण तसंच नाव दुसऱ्या कंपनीच्या ड्रमला होतं, म्हणून ते बदलून झालं टेलिकास्टर. हिची मान डिंकाने चिकटवलेली नव्हती, चक्क स्क्रूने बसवलेली होती. झिजली? बदला. 1951मध्ये प्रिसिजन बेस आला, 1954मध्ये स्ट्रॅटोकास्टर. स्ट्रॅटचे तिन्ही पिकअप आणि बटणं एकाच पिकगार्डवर. म्हणून तर आज खराडीतल्या पलंगावर अर्ध्या तासात तिचं पोट उघडता येतं.

वाजवता येत नसल्यामुळे लिओ वादकांच्या हातात नमुना द्यायचा, तक्रारी ऐकायचा आणि परत येऊन बदल करायचा. पण भुणभुण मात्र राहिली. सिंगल कॉइल पिकअप तारेची थरथर पकडतो, तसा आसपासच्या विजेचा आवाजही पकडतो. यावर उपाय काढला तो गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने. 1955मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉइल शेजारी शेजारी, उलट दिशेने जोडलेल्या आणि चुंबकही उलटे. विजेची भुणभुण एकमेकांत जिरते, तारेचा आवाज मात्र बेरीज होऊन येतो. हाच हंबकर. आवाज जाड, भरदार. सिंगल कॉइलची काचेसारखी खणखण मात्र थोडी जाते. स्वॅप करताना हा सौदा लक्षात ठेवायचा.

लिओच्या आयुष्यातला मोठा सौदा वेगळाच होता. साठच्या दशकात तो आजारी पडला. संसर्ग काही केल्या हटेना. आपण आता फार जगत नाही, असं त्याला वाटायला लागलं. 1965मध्ये त्याने कंपनी सीबीएसला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली. पुढे नवा डॉक्टर भेटला आणि लिओ चक्क बरा झाला! तब्येत परत आली, कंपनी गेली ती गेलीच. 1969मध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने स्ट्रॅट गाजवली, तेव्हा फेंडर हे नाव लिओच्या मालकीचं राहिलं नव्हतं. स्वतःचं आडनाव तो नव्या गिटारवर लावू शकत नव्हता.

दुसरा असता तर पैसे मोजत बसला असता. हा परत वर्कशॉपमध्ये बसला. म्युझिक मॅन कंपनीसाठी त्याने काम केलं. 1976च्या तिथल्या स्टिंगरे बेसमध्ये हंबकर होता. म्हणजे सिंगल कॉइलवर नाव कमावलेला माणूस साठी उलटल्यावर आपलंच जुनं काम बदलत होता. मग जुना साथीदार जॉर्ज फुलर्टनसोबत जी अँड एल काढली. जॉर्जचा जी, लिओचा एल. आडनाव नाही तर नाही, आद्याक्षर तर आपलंच! शेवटी पार्किन्सन्स जडला, तरी तो नवे पिकअप करून बघतच राहिला. 21 मार्च 1991 रोजी तो गेला. आदल्या दिवसापर्यंत कामावर जात होता.

तर, स्वॅप करायचाच असेल तर आधी वायरिंगचा फोटो काढा. बॉडीतला खड्डा मोजा. अरुंद असेल तर सिंगल कॉइलच्या आकाराचे हंबकरही मिळतात. सिंगल कॉइलला बहुधा 250 के आणि हंबकरला 500 केचा पॉट लावतात, तेही बघा. आणि काढलेला जुना पिकअप टाकून देऊ नका. आवाज आवडला नाही, तर तोच परत बसवता येईल. तशी सोय लिओने करून ठेवलीय.