अनुताई वाघ : शाळा मुलांच्या दारी नेणाऱ्या बाई

शाळेत असताना वहीच्या पहिल्या पानावर नाव, इयत्ता, तुकडी लिहून झाली की आपण खाली पत्ता घालायचो : कल्याण, जि. ठाणे. त्याच ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डहाणू तालुक्यात, कोसबाडची टेकडी आहे. २०१४ साली तो भाग नव्या पालघर जिल्ह्यात गेला. पण आपण शाळेत जात होतो तेव्हा तो आपल्याच जिल्ह्यात होता आणि तिथे अनुताई वाघ नावाच्या एक शिक्षिका राहत होत्या. स्मरणिकेसाठी कोणावर लिहावं याचा विचार करताना मला त्याच आठवल्या. का, ते शेवटी सांगते.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. आपण त्या वयात सातवी-आठवीत होतो. त्या काळी अशा मुलीचं पुढचं आयुष्य म्हणजे स्वयंपाकघराचा एक कोपरा. अनुताई मात्र शिकल्या. १९२५ मध्ये व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ मध्ये शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. चार वर्षं नाशिक जिल्ह्यात चांदवडला आणि पुढे पुण्याच्या हुजूरपागेत अकरा वर्षं त्यांनी शिकवलं. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचं, असं करत १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. बी.ए. झाल्या तेव्हा वयाची पन्नाशी उलटली होती.

हुजूरपागेतली नोकरी चांगली होती. तिथेच राहिल्या असत्या तर सन्मानाने निवृत्त झाल्या असत्या. पण १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचे प्रयोग केलेल्या ताराबाईंना आता ते काम खेड्यात न्यायचं होतं. त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि पस्तिशीतल्या अनुताई त्यांच्याबरोबर गेल्या. पुढची सत्तेचाळीस वर्षं त्या त्याच परिसरात राहिल्या.

ते वर्षही साधं नव्हतं. गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारली माणसं वेठबिगारीविरुद्ध उभी राहिली ती याच वर्षी, याच टापूत. ज्यांचे आईबाप सावकार-जमीनदारांकडे राबत होते, त्या घरांतल्या मुलांसाठी ही शाळा होती.

बालवाडी उघडली, पण पाड्यावरची मुलं येईनात. मुलं आळशी आहेत, आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. या दोघींनी मात्र मुलं का येत नाहीत ते पाहिलं. पाडा लांब होता. आई मजुरीला गेली की धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन मोठी बहीण घरी बसे. थोडी मोठी मुलं गुरांमागे जात.

मग उपायही तसेच निघाले. मूल येत नाही, तर बाईंनी पाड्यावर जायचं आणि तिथल्याच एखाद्या अंगणात मुलं जमवायची. ती अंगणवाडी. गुरं राखणारी मुलं रानात असतात, तर शाळाही गुरांमागे रानात न्यायची. ती कुरणशाळा. धाकट्यासाठी पाळणाघर, मधल्यासाठी बालवाडी, मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. ती विकासवाडी. धाकटं पाळणाघरात गेलं की ताईचा हात पाटीसाठी मोकळा होई. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांच्याऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं आली. अक्षरांच्या आधी आंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं, खरजेवर औषध लावणं. हेही बाईंचंच काम होतं.

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या आणि सगळा भार अनुताईंवर आला. शिक्षिकांना तयार करणं, लेखन, संपादन, गावातल्या बायकांच्या हाताला काम मिळवून देणं हे सगळं त्या करत राहिल्या. पुढे रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ग्राममंगल ही संस्था उभी केली. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचं आत्मकथन आहे. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री आणि जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली. तिच्या केंद्रांना आज देशभर अंगणवाडीच म्हणतात. आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या चाळींतही अंगणवाड्या आहेत.

आता, अनुताईच का? मेळाव्यासाठी आपण निमंत्रणांची यादी केली ती दहावीच्या पटावरून. मी ती संगणकावर चढवत होते आणि एक नाव सापडेना. पाचवीपासून माझ्या बाकावर बसणारी मुलगी. आठवीच्या दिवाळीनंतर ती आली नाही. आई कामाला लागली होती आणि घरी तान्हा भाऊ होता. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती. मी इंजिनिअर झाले. तिचं काय झालं, याची मी कधी चौकशीही केली नाही. कोसबाडला ज्या अडचणीवर पाळणाघराचा उपाय निघाला होता, नेमकी तीच अडचण, त्याच जिल्ह्यात, इतक्या वर्षांनी तिच्या वाट्याला आली होती.

अशी नावं प्रत्येक तुकडीत असतील. आपल्या बाई-सरांना त्यातली कितीतरी आपल्यापेक्षा जास्त आठवतील. म्हणून एक विनंती आहे. पुढच्या मेळाव्याची यादी पाचवीच्या पटावरून करू या. जी मुलं मधेच गेली, त्यांची वाट पाहत बसायला नको. त्यांच्या घरी आपणच जाऊ या. पाचवीचा पट मिळाला तर यादी चढवण्याचं काम माझ्याकडे द्या.