शहर झाडले, हिशेब राहिला

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईतील एखाद्या जीर्ण चाळीवर महापालिकेची नोटीस लागते. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 354 नुसार धोकादायक इमारत दुरुस्त करण्याचा अथवा पाडण्याचा आदेश देण्याचा अधिकार आयुक्तांचा आहे, नगरसेवकांच्या सभागृहाचा नव्हे. घरमालकाला वठणीवर आणणारी ही सत्ता एकाच अधिकाऱ्याच्या हाती का, याचा शोध घेताना आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड या मुंबईच्या पहिल्या आयुक्तांपर्यंत जावे लागते.

क्रॉफर्ड यांचा जन्म 1835 चा. 1865 मध्ये मुंबईची सूत्रे हाती आली तेव्हा ते अवघ्या तिशीचे होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि पोटासाठी आलेल्या माणसांनी गावठाण, वाड्या, गल्ल्या भरून गेल्या होत्या. घरांच्या दोन रांगांमधील अरुंद बोळांतून उघडी गटारे वाहत आणि शौचकूपांतील मैला हलालखोर डोक्यावरून नेत. 1858 पासूनची तीन कमिशनरांची व्यवस्था या पसाऱ्यापुढे तोकडी पडत होती. 1865 च्या कायद्याने ती मोडीत निघाली आणि सारा कार्यकारी अधिकार एका आयुक्ताकडे आला. सरकारनियुक्त जस्टिस ऑफ दि पीस मंडळींकडे खर्चावर देखरेख ठेवण्याचे काम राहिले, तेही बव्हंशी नावापुरते.

क्रॉफर्ड यांनी हा अधिकार हात आखडता न घेता वापरला. आरोग्य अधिकारी डॉ. थॉमस हेवलेट यांच्या साथीने घराघरांची तपासणी सुरू झाली. कचरा हटवा, शौचकूप साफ करा, सांडपाण्याला वाट द्या, अशा सूचना मालकांना जाऊ लागल्या. ऐकले नाही तर दंड होई, नाहीतर नगरपालिकाच काम उरकून खर्च मालकाच्या माथी मारी. कत्तलखाने शहराबाहेर वांद्र्याला हलविण्यात आले. उघड्यावरील मांस-भाजीविक्रीला शिस्त लागावी म्हणून विल्यम इमर्सन यांच्या आराखड्यानुसार 1869 मध्ये भव्य मंडई उभी राहिली. तिला क्रॉफर्ड यांचे नाव मिळाले. शहराचे मृत्युमान या वर्षांत उतरले, हे श्रेय त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही.

मात्र पैसा कुठून येतो, याचा विचार त्यांनी कधी फारसा केला नाही. ते सूत्रे हाती घेत होते त्याच 1865 च्या मध्यावर शेअर बाजार कोसळला होता. कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले होते आणि त्यांच्याच घरांवर पट्टी वाढत होती. मंजुरीपेक्षा अधिक खर्च होत राहिला. 1871 मध्ये करदात्यांचा संताप उफाळला. जेम्स फोर्ब्स आणि नौरोजी फर्दुनजी या आंदोलनात आघाडीवर होते. स्वच्छता नको, असे क्वचितच कोणी म्हणत असेल. खर्चाला कोणाची संमती होती, हा खरा सवाल होता.

त्या गदारोळात 26 वर्षांचे बॅरिस्टर फिरोजशहा मेहता यांनी प्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. एका आयुक्ताच्या हाती अंमलबजावणी असणे त्यांना योग्य वाटत होते. दोष त्यांना जस्टिसांच्या कुचकामी देखरेखीत दिसत होता. करदात्यांनी निवडलेली सभा हाच त्यांचा तोडगा होता. श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. त्याच वर्षी क्रॉफर्ड यांनी पद सोडले, आणि 1872 च्या कायद्याने 64 सदस्यांपैकी 32 करदात्यांनी निवडण्याची तरतूद झाली. आयुक्ताचे पद मात्र कायम राहिले.

पुढे मध्य विभागाचे कमिशनर म्हणून पुण्यात असताना क्रॉफर्ड यांच्यावर 1888 मध्ये मामलेदारांकडून लाच घेतल्याचे आरोप झाले. कर्जबाजारीपणा त्यांचा जुनाच सोबती होता. चौकशी आयोगाने लाचखोरी सिद्ध मानली नाही, पण आपल्याच हद्दीतील लोकांकडून कर्जे काढल्याचा ठपका ठेवला आणि सरकारी नोकरी गेली. पैसे दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिले होते. तरी काहींवर बडतर्फीची वेळ आली, तेव्हा लोकमान्य टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले.

क्रॉफर्ड 1911 मध्ये वारले. मंडईला आता महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. फुले स्वतः 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मुंबई महापालिकेचा कायदा आजही 1888 चाच आहे, म्हणजे क्रॉफर्ड प्रकरण उघडकीस आले त्याच वर्षीचा, आणि नोटीस अजूनही आयुक्तांच्याच अधिकारात निघते.