रोटाव्हेटरच्या 'क्रॉस'मागचा माणूस : रॉबर्ट हुक

ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर चालताना बघितला असेल, तर मधला गरगर फिरणारा दांडाही बघितला असेल. तो पीटीओ शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना अधिक चिन्हासारखा एक तुकडा बसवलेला असतो, गॅरेजमध्ये सगळे त्याला 'क्रॉस' म्हणतात. त्यामुळे दांडा वाकड्या कोनातूनही ताकद पुढे पोचवतो. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची (आपल्याकडे यात नवीन काही नाही). थिअरी ऑफ मशीन्सच्या पुस्तकात याच जोडाला 'हुक्स जॉइंट' म्हणतात. हा हुक कोण, ते मात्र तिथे कुणी सांगत नाही.

रॉबर्ट हुकचा जन्म १६३५ चा, इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरचा. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. ते १६४८ मध्ये वारले आणि १३ वर्षांचा हुक लंडनला आला. थोडे दिवस चित्रकार पीटर लेलीकडे उमेदवारी, मग वेस्टमिन्स्टर शाळा, मग ऑक्सफर्ड. तिथे त्याने रॉबर्ट बॉइलसाठी हवेचा पंप बनवला. १६६२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला प्रयोग करून दाखवायच्या कामावर नेमलं. म्हणजे दर आठवड्याला नवा डेमो! आपल्या स्प्रिंट रिव्ह्यूपेक्षा अवघडच.

१६६५ मध्ये 'मायक्रोग्राफिया' आलं. त्यातली पिसवाची भलीमोठी आकृती कदाचित तुम्ही पाहिली असेल. बुचाच्या कापात दिसलेल्या कप्प्यांना त्याने 'सेल' म्हटलं, तोच शब्द आपण जीवशास्त्रात वापरतो. पुढच्याच वर्षी लंडन जळालं, आणि गठ्ठ्याने प्लॉट मोजून देणाऱ्यांत हुक होता. स्प्रिंगचा नियम तर दहावीनंतर सगळ्यांना माहीत होतो.

आता जोडाकडे येऊ. ही रचना हुकच्या आधीची आहे. गास्पर शॉटने १६६४ मध्ये तिचं वर्णन छापलं होतं आणि ती दोन्ही बाजूंना सारख्या वेगाने फिरते असं समजून चालला होता. हुकने नीट तपासलं आणि लक्षात आलं की तसं नाही. एक दांडा एकसारखा फिरत असला तरी कोनातला दुसरा दांडा दर फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. पीटीओचा नेहमीचा वेग मिनिटाला ५४० फेऱ्या. कोन ३० अंश असेल तर पलीकडचा वेग एकाच फेरीत साधारण ४६८ ते ६२४ दरम्यान वरखाली होतो. दुसऱ्या कुणी याला दोष म्हटलं असतं. हुकने याच चढउतारात घड्याळ शोधलं, कारण सूर्यघडीच्या तबकडीवर सावलीही अशीच असमान सरकते. १६७६ च्या त्याच्या पुस्तकात 'युनिव्हर्सल जॉइंट' हे नाव येतं. आणि १६८३ मध्ये त्याने उपायही सुचवला : मध्ये एक दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जोड. पहिल्याने केलेली गडबड दुसरा निस्तरतो.

म्हणूनच क्रॉस बदलताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, आणि शाफ्टचे दोन भाग वेगळे करण्याआधी दोन्हीवर खूण करा. मग सर्क्लिप काढून, वाइसमध्ये दाबून जुने कप बाहेर काढा. नवे कप बसवताना आतले सुईसारखे बारीक रोलर आडवे पडू देऊ नका, नाहीतर सर्क्लिप बसतच नाही. शेवटी ग्रीस भरा. मधल्या दांड्याचे दोन्ही काटे एका रेषेत हवेत. चौकोनी शाफ्ट ९० अंश चुकीचाही आत जातो, आणि तसा गेला की दोन्ही जोडांचे झटके एकमेकांत मिसळून वाढतात. नवा क्रॉस टाकूनही खडखड थांबत नसेल, तर आधी हे बघा.

हुकचं पुढचं आयुष्य भांडणात गेलं. स्प्रिंगच्या घड्याळावरून हायगेन्सशी, आणि गुरुत्वाकर्षणावरून न्यूटनशी. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढ कमी होते, ही कल्पना त्याने १६८० च्या सुरुवातीला न्यूटनला पत्रात लिहिली होती. पण ती गणिताने सिद्ध केली न्यूटनने. माझं मत विचाराल तर कल्पनेचं थोडं श्रेय हुकला मिळायलाच हवं होतं, पण सगळं नाही.

मार्च १७०३ मध्ये तो ग्रेशम कॉलेजच्या आपल्या खोल्यांमध्येच वारला. काटकसरीत राहायचा, पण पेटीत हजारो पौंड सापडले. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. त्याने हुकचं चित्र मुद्दाम नष्ट केलं अशी गोष्ट नेटवर खूप फिरते, पण तिला पुरावा नाही. एवढं मात्र खरं की खात्रीने हुकचं म्हणता येईल असं एकही चित्र आज उरलेलं नाही. गूगलवर जो चेहरा दिसतो तो बऱ्याचदा नंतरच्या चित्रकारांनी कल्पनेने काढलेला असतो.