थकलेल्या मातीचा वैद्य

विद्यार्थ्यांनो, नारपोलीत राहणाऱ्यांना यंत्रमागांचा खडखडाट नवा नाही. मागावर सुती कापड विणले जाते, तेव्हा त्यातला प्रत्येक धागा कुठल्यातरी शेतातून आलेला असतो. कापसाचे झाड मातीतले अन्न घेऊन वाढते. पण एकाच शेतात वर्षानुवर्षे कापूसच पेरला, तर काय होईल? माती थकेल. अशा थकलेल्या मातीला पुन्हा सकस करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची ही हकीकत आहे.

जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरी राज्यात डायमंड गावाजवळ झाला. त्या काळी तेथे माणसांची गुरांसारखी खरेदी-विक्री होई. जॉर्जची आई मेरी ही मोझेस कार्व्हर नावाच्या गोऱ्या शेतकऱ्याची गुलाम होती. जॉर्ज तान्हा असताना लुटारूंनी मायलेकरांना पळवून नेले. मोझेसने शोध घेण्यासाठी माणूस पाठवला. बाळ परत मिळाले. त्याच्या बदल्यात मोझेसने एक घोडा दिला. आई मात्र पुन्हा कधीच सापडली नाही.

गुलामगिरी संपली. मोझेस आणि त्याची पत्नी सुझन यांनी पोरक्या जॉर्जला वाढवले. तो अशक्त होता, म्हणून घरातच स्वयंपाक, शिवण, धुणे अशी कामे शिकला. उरलेल्या वेळात तो रानात हिंडे आणि कोमेजलेली रोपे आणून त्यांची निगा राखी. शेजारीपाजारी त्याला झाडांचा डॉक्टर म्हणू लागले.

जवळच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. जॉर्ज लहान वयातच घर सोडून निओशो गावी गेला. पुढे अनेक गावी लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून तो शिकला. एका महाविद्यालयाने अर्ज वाचून त्याला प्रवेश दिला. तो मोठ्या आशेने तेथे पोहोचला. पण त्याचा काळा रंग पाहताच त्याला परत पाठवण्यात आले. तुम्ही त्याच्या जागी असता, तर काय केले असते? जॉर्जला दुःख झाले, पण त्याने पुस्तक खाली ठेवले नाही. १८९१ मध्ये तो आयोवा राज्याच्या शेतकी महाविद्यालयात दाखल झाला. तेथला तो पहिला काळा विद्यार्थी. १८९४ मध्ये तो पदवीधर झाला आणि १८९६ मध्ये त्याने पुढची पदवी मिळवली.

त्याच सुमारास विज्ञानात एक मोठा शोध लागला होता. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. पिकांना नायट्रोजन हवा असतो, पण हवेतला नायट्रोजन त्यांना थेट घेता येत नाही. मग भुईमूग, चवळी, वाल अशी शेंगा येणारी पिके हलक्या जमिनीतही कशी वाढतात? १८८६ मध्ये हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी याचे उत्तर जगापुढे मांडले. या पिकांच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींत राहणारे सूक्ष्म जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. झाड त्यांना साखर पुरवते. दोघांचाही फायदा होतो. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी हे जीवाणू गाठींतून वेगळे करून दाखवले. त्यांनाच आपण रायझोबियम म्हणतो.

१८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कार्व्हरना अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील आपल्या शाळेत बोलावले. ती शाळा काळ्या मुलांसाठी होती. प्रयोगशाळेला पैसा नव्हता, तेव्हा कार्व्हर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी टाकाऊ बाटल्या आणि डबे गोळा करून उपकरणे बनवली. भोवतालचे शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवत. जमीन निकस झाली होती. खत विकत घ्यावे तर कर्ज, न घ्यावे तर उपासमार.

कार्व्हर त्यांना सांगत, की एक वर्ष कापूस घ्या, तर पुढच्या वर्षी चवळी किंवा भुईमूग घ्या. शेंगा खा आणि मुळे-पाला जमिनीत गाडा. तो कुजला की जीवाणूंनी साठवलेला नायट्रोजन पुढच्या पिकाला मिळतो. रानातला पालापाचोळाही त्यांनी खत म्हणून वापरला. हे ज्ञान त्यांनी सोप्या पुस्तिकांतून लिहिले. पण ज्याला वाचता येत नाही, त्याचे काय? त्याच्यासाठी १९०६ मध्ये टस्कीगीहून एक गाडी निघाली. बी-बियाणे आणि अवजारे घेऊन ही फिरती शाळा शेतकऱ्यांच्या दारात जाऊ लागली.

पुढे कपाशीची बोंडे पोखरणारी कीड अलाबामात पसरली आणि शेते उजाड झाली. तेव्हा भुईमूग, म्हणजे तुमच्या उर्दूतील मूँगफली, हा मोठा आधार ठरला. पण पिकवलेला भुईमूग विकायचा कुठे? कार्व्हर प्रयोगशाळेत बसले. १९१६ मध्ये त्यांनी शेंगदाण्याचे १०५ पदार्थ सांगणारी पुस्तिका काढली. पुढे त्यांनी दूध, रंग, शाई अशा कितीतरी वस्तू शेंगदाण्यापासून करून दाखवल्या. त्यांतल्या बहुतेक बाजारात चालल्या नाहीत. शेंगदाण्याचे लोणीही त्यांनी शोधले नव्हते. ती केवळ ऐकीव गोष्ट आहे. त्यांचे खरे मोठेपण गरिबाच्या शेतातली माती सुधारण्यात आहे.

५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगी येथे त्यांचे निधन झाले. आयुष्यभराची बचत त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली होती. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ मध्ये निघाले आणि हा माणूस मराठी घराघरांत पोहोचला.

आज आपल्याकडे हेच जीवाणू पाकिटात मिळतात. गुळाच्या पाण्यात मिसळून ते बियाण्याला चोळतात, बियाणे सावलीत सुकवतात आणि मग पेरतात. ठाणे जिल्ह्यात भात कापल्यावर त्याच शेतात वाल पेरतात. कधी तिकडे गेलात, तर शेतकऱ्याला विचारून वालाचे एक रोप हलकेच मुळासकट काढा. मुळांवरची एक गाठ नखाने फोडा. ती आतून गुलाबी दिसली, तर समजा, जीवाणू कामाला लागले आहेत.

शब्दार्थ : सकस – पोषक, निकस – कस गेलेली, निगा राखणे – काळजी घेणे, वाट्याने – पिकाचा हिस्सा देण्याच्या अटीवर.

स्वाध्याय :
१. महाविद्यालयाने जॉर्जला परत का पाठवले?
२. जीवाणू आणि झाड एकमेकांना काय देतात?
३. कापसानंतर चवळी घेण्याचा फायदा चार ओळींत लिहा.