शिक्षकांना घडविणारा शिक्षक : हान्नेस श्नायडर

१९३९ च्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील नॉर्थ कॉनवे या लहानशा गावाच्या रेल्वेस्थानकाजवळ मुले बर्फात समोरासमोर दोन रांगा करून उभी होती. हातांतील स्कीच्या काठ्या उंचावून त्यांनी कमान धरली होती. गाडीतून उतरलेले हान्नेस श्नायडर त्या कमानीखालून सहकुटुंब चालत गेले. वय ४८. स्की शिकविणाऱ्यांमध्ये त्यांच्याइतके नाव तेव्हा जगात कुणाचे नव्हते. पण आपले गाव आणि स्वतः उभारलेली शाळा, दोन्ही मागे टाकून ते आले होते.

ऑस्ट्रियातील आर्लबर्ग खिंडीजवळच्या श्टुबेन या खेड्यात २४ जून १८९० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील घाटरस्त्याच्या देखभालीचे काम करीत. मुलाने चीज बनविण्याचा धंदा शिकावा, अशी घरची इच्छा होती. परंतु व्हिक्टर झोम नावाच्या एका स्कीपटूला गावाजवळच्या उतारावर घसरताना त्याने पाहिले आणि चीजचा विचार तिथेच संपला. ओबडधोबड घरगुती स्कींवर सुरू झालेला हा नाद पुढे उपजीविका झाला. १९०७ मध्ये शेजारच्या सांक्ट आंतोन गावातील हॉटेल पोस्टचे मालक कार्ल शुलर यांनी पाहुण्यांना स्की शिकविण्यासाठी १७ वर्षांच्या हान्नेसला नेमले.

त्या काळी स्कीइंगची रीत प्रामुख्याने नॉर्वेची होती. गुडघा वाकवून, एक पाय पुढे टाकून डौलदार वळण घेण्याची ती पद्धत तिथल्या सौम्य टेकड्यांना साजेशी होती. आल्प्सच्या उभ्या उतारांवर ती अपुरी पडे. माथियास झ्डार्स्की यांनी आल्प्ससाठी वेगळी रीत आधीच मांडली होती. श्नायडर यांनी त्यापुढे जाऊन वेग आणि ताबा यांची सांगड घातली. अंग खाली झुकवून, घोटे व गुडघे दुमडून उतरायचे आणि शरीराच्या उठावाने व फिरकीने वळायचे, हे त्यांच्या रीतीचे सार. आर्लबर्ग पद्धती म्हणून ती जगभर ओळखली गेली.

पहिल्या महायुद्धात त्यांनी ऑस्ट्रियाच्या पहाडी सैनिकांना स्की शिकविले. थोड्या वेळात पुष्कळांना शिकवायचे तर प्रत्येक धड्याला ठरलेला क्रम हवा, हा धडा त्यांना स्वतःला तिथे मिळाला. युद्धानंतर सांक्ट आंतोनमध्ये त्यांनी जी शाळा काढली, ती याच पायावर. आधी दोन्ही स्कींची टोके जवळ आणि मागचे भाग दूर, अशी पाचर करून वेग आवरायचा. मग त्याच पाचरीतून वळायचे. पुढे पाचर हळूहळू मिटवत स्की समांतर आणायच्या. एक पायरी साधल्याशिवाय वरच्या वर्गात प्रवेश नाही, मग पाहुणा कितीही धनाढ्य असो.

शिष्यांपेक्षा शिक्षकांना शिस्त अधिक कडक होती. स्वतः उत्तम घसरता येणे ही नोकरीची केवळ सुरुवात. घाबरलेल्या नवशिक्याला उभे कसे करावे, चूक नेमकी कुठे आहे ते कसे ओळखावे, हे येईपर्यंत वरचे वर्ग हाती येत नसत. एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागू नये, म्हणून सर्वांनी एकच रीत शिकवायची, हा दंडक होता. स्की-शिक्षकाला परीक्षा द्यावी लागते आणि मिळालेले प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा प्रशिक्षण घेऊन टिकवावे लागते, ही आजची व्यवस्था एकट्या श्नायडरांची नव्हे. पण शिकविणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, हा तिचा पाया त्यांच्या शाळेत पक्का झाला.

आर्नोल्ड फांक यांच्या चित्रपटांनी त्यांना घराघरांत पोहोचविले. १९२८ मध्ये आर्नोल्ड लन या इंग्रज गृहस्थांच्या साथीने त्यांनी आर्लबर्ग-कांडाहार शर्यत सुरू केली. १९३० मध्ये त्यांना जपानने निमंत्रण दिले.

आणि मग १९३८ चा मार्च उजाडला. हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि श्नायडर यांना तत्काळ अटक झाली. नाझींविषयीची नापसंती त्यांनी कधी लपविली नव्हती. शिवाय सांक्ट आंतोनच्या पर्यटनाची घडी बसविणारे रुडॉल्फ गोम्पेर्झ हे त्यांचे निकटचे सहकारी ज्यू कुळातले होते. लांडेकच्या तुरुंगानंतर श्नायडर यांना जर्मनीतील गार्मिश येथे नजरकैदेत ठेवण्यात आले. शाळा परक्या हातांत गेली. नॉर्थ कॉनवेचे भूमिपुत्र आणि न्यूयॉर्कमधील बँकेचे अध्यक्ष हार्वे गिब्सन यांनी आपले वजन खर्ची घालून त्यांची सुटका करविली. गोम्पेर्झ यांच्यासाठी मात्र कुठलेही दार उघडले नाही. १९४२ मध्ये त्यांना व्हिएन्नातून हद्दपार करून मिन्स्कजवळ ठार मारण्यात आले.

श्नायडर अमेरिकेत उतरले तेव्हा त्यांची विद्या तिथे आधीच पोहोचली होती. बेनो रिबित्स्का, ओटो लांग यांच्यासारखे त्यांचे शिक्षक तिथे वर्ग चालवीत होते. १९३८ च्या फेब्रुवारीत व्हर्माँट राज्यातील वुडस्टॉक येथे स्की-शिक्षकांची अमेरिकेतील पहिली प्रमाणपत्र परीक्षा झाली, तीत १७ पैकी केवळ ६ जण उत्तीर्ण झाले. क्रॅनमोर टेकडीवर श्नायडर यांनी शाळेचा संसार पुन्हा मांडला. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा मुलगा हर्बर्ट अमेरिकेच्या दहाव्या पहाडी डिव्हिजनमधून इटलीत लढला.

२६ एप्रिल १९५५ रोजी नॉर्थ कॉनवे येथेच श्नायडर यांचे निधन झाले. श्टुबेन आणि सांक्ट आंतोन यांच्या मधोमध, खिंडीच्या माथ्यावर सांक्ट क्रिस्टोफ नावाची वस्ती आहे. युद्धानंतर ऑस्ट्रियाचे शासनमान्य स्की-शिक्षक अनेक दशके तिथेच घडत राहिले. हान्नेसने पोरवयात ज्या उतारांवर पहिले धडपडणे अनुभवले, ते तिथून हाकेच्या अंतरावर आहेत.