विश्लेषण : गोरोबाकाकांनी तुडवलेली माती घडायला किती वर्षे लागतात?

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणाकाठचे गाव संत गोरोबाकाकांमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. त्यांच्या चरित्रातील बहुतेक सर्व प्रसंग मातीशी जोडलेले आहेत. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत याच जिल्ह्यातील भूम, परंडा परिसरात पुराने शेतातील माती खरडून नेली. ही माती मुळात तयार कशी होते, ती काय काम करते आणि गेलेली माती परत मिळते का, हे गोरोबाकाकांच्या जीवनकथेच्या आधारे समजून घेऊ.

गोरोबाकाका कोण होते?

गोरा कुंभार हे तेरचे कुंभार आणि वारकरी संत. परंपरेनुसार त्यांचा जन्म १२६७ चा आणि समाधी शके १२३९, म्हणजे १३१७ मधील चैत्र वद्य त्रयोदशीची. ते ज्ञानेश्वर, नामदेवांचे समकालीन. संतमंडळीत वयाने आणि अधिकाराने वडीलधारे, म्हणून सारे त्यांना काका म्हणत. त्यांच्या नावावर मोजकेच अभंग आहेत. घरदार सोडून ते कुठे गेले नाहीत. दिवसभर चाकावर मडकी घडवायची आणि मुखाने विठ्ठलाचे नाव घ्यायचे, हीच त्यांची साधना होती.

तेरला ही कला नवी नव्हती. प्राचीन काळी तगर नावाने ओळखले जाणारे हे गाव सातवाहन काळात मोठे व्यापारी केंद्र होते. तेथे सापडलेली मातीची भांडी आणि मृण्मूर्ती आज गावातील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात पाहता येतात.

तेरची माती आली कुठून?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. बालाघाटचे डोंगर त्याच काळ्या कातळाचे, म्हणजे बेसाल्टचे आहेत. उन्हाने कातळ तापतो, रात्री निवतो आणि त्याला भेगा पडतात. पावसाचे पाणी हवेतील आणि जमिनीतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे किंचित आम्लयुक्त होते. ते भेगांत शिरून खनिजे कुजवते. आधी कातळाचा मुरूम होतो. त्यावर शेवाळ, गवत, झुडपे वाढतात. त्यांची मुळे आणि सूक्ष्मजीव मुरूम आणखी फोडतात, मेलेला पालापाचोळा त्यात मिसळतो आणि माती तयार होते.

मूळ खडक, हवामान, सजीव, जमिनीचा उतार आणि काळ या पाच गोष्टींवर माती कशी होईल ते ठरते. कोकणातही मूळ खडक हाच आहे. मात्र तेथील प्रचंड पावसाने चुना, मॅग्नेशियम वाहून जाते, लोह मागे उरते आणि तांबडा जांभा बनतो. मराठवाड्यात पाऊस कमी असल्याने ही द्रव्ये जमिनीतच राहिली आणि काळी, चिकण माती घडली.

जिल्ह्यात मातीचे कोणते प्रकार आढळतात?

डोंगरमाथ्यावर आणि उतारावर मातीचा थर पातळ असतो. ही बरड किंवा मुरमाड, हलकी जमीन. पायथ्याला मध्यम जमीन आणि तेरणा, मांजरा, सीना यांच्या काठी खोल, भारी काळी जमीन आढळते. नदीने आणून टाकलेला गाळ वेगळा. पाणी आणि क्षार साचून बिघडलेली जमीन म्हणजे चोपण. याशिवाय गावकरी काळी आणि पांढरी असा भेद करतात. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या भिंती, राख आणि शेण साचून पांढरीची माती तयार होते. म्हणजे ती माणसाच्या वस्तीतून घडलेली माती आहे.

माती तुडवावी का लागते?

गोरोबाकाकांच्या आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रसंग याच कामात घडला. आख्यायिकेनुसार ते माती तुडवत नामस्मरणात बुडाले होते. पत्नी संती पाण्याला गेली होती. रांगते मूल चिखलात आले आणि वडिलांच्या पायाखाली तुडवले गेले. काकांना भान नव्हते. पुढे पती-पत्नीत दुरावा आला, पत्नीने विठ्ठलाची आण घालून स्पर्शाला मनाई केली आणि ती आण मोडल्याचे समजताच काकांनी स्वतःचे हात तोडले. पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात त्यांना हात पुन्हा फुटले, मूलही परत मिळाले, असे ही कथा सांगते.

कथा श्रद्धेची असली तरी त्यातले काम खरे आहे. चिकणमातीचे कण अतिशय बारीक, पत्र्यासारखे चपटे असतात. त्यांच्यामध्ये पाणी सारखे पसरले तरच ते एकमेकांवरून घसरतात आणि मातीला हवा तो आकार देता येतो. हवेचे बुडबुडे किंवा खडे राहिले तर मडके भट्टीत फुटते. म्हणून तुडवण्याचे काम लांबते. निव्वळ काळी माती मात्र वाळताना फार आकसते आणि तडकते. त्यामुळे कुंभार गाळाची माती निवडतात, तिच्यात राख आणि लीद मिसळतात.

कच्चे आणि पक्के मडके यांत फरक काय?

संतांच्या मेळ्यात कोणाचे मडके पक्के आणि कोणाचे कच्चे, हे पाहण्याचे काम गोरोबाकाकांकडे आले. त्यांनी थापटण्याने प्रत्येकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. त्यानंतर ते विसोबा खेचरांकडे गुरूच्या शोधात गेले, अशी कथा आहे.

कुंभाराची ही परीक्षा शास्त्राला धरून आहे. उन्हात वाळलेले मडके पाण्यात पुन्हा विरघळते. भट्टीत साधारण ६०० अंश सेल्सिअसला मातीच्या कणांच्या रचनेत बांधलेले पाणीही निघून जाते आणि ती माती पुन्हा चिखल होत नाही. म्हणूनच सातवाहन काळातील खापरे आजही टिकून आहेत. पण शेताला नेमकी कच्चीच माती लागते. भाजलेल्या मातीत पीक येत नाही.

शेतात ही माती काय करते?

काळी माती पाणी शोषून फुगते आणि ते धरून ठेवते. पाऊस संपल्यावर रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई याच साठवलेल्या ओलीवर येतात. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, वरची माती आत पडते आणि जमीन आपोआप खालीवर होते. गांडुळे माती भुसभुशीत करतात. तूर, हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींमधील जीवाणू हवेतील नायट्रोजन पिकाला देतात. बुरशी आणि जीवाणू पालापाचोळा कुजवून त्यातील अन्नद्रव्ये पुन्हा झाडांना मिळवून देतात. माती काळी आहे म्हणजे तिच्यात सेंद्रिय कर्ब भरपूर आहे, हा मात्र गैरसमज आहे. मराठवाड्यातील अनेक काळ्या जमिनींत तो कमीच आढळतो.

वाहून गेलेली माती परत येते का?

माणसाच्या आयुष्यात तरी नाही. दोन ते तीन सेंटिमीटर मातीचा थर तयार होण्यास एक हजार वर्षांपर्यंतचा काळ लागू शकतो, असे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते. हा दर धरला तर गोरोबाकाकांच्या समाधीपासून आजवरच्या सातशे वर्षांत जेमतेम दोन सेंटिमीटर माती घडली असेल. तेवढी माती एका रात्रीच्या पुरात जाऊ शकते. काळी माती भिजून फुगली की तिच्यातील छिद्रे बुजतात, पुढचे पाणी मुरत नाही आणि वरचा सुपीक थर घेऊन वाहते.

खरडलेल्या शेतात तलावाचा गाळ टाकता येतो. राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना त्यासाठीच आहे. पण नुसत्या गाळाची लगेच सुपीक जमीन होत नाही. शेणखत, हिरवळीचे खत आणि काही हंगाम जावे लागतात, तेव्हा त्यात जीवसृष्टी रुजते. त्यापेक्षा माती धरून ठेवणे स्वस्त पडते. त्यासाठी बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी आणि बांधावर गवत व झाडे हे उपाय उपयोगी ठरतात.

तेरणाकाठी गोरोबाकाकांची समाधी आहे आणि चैत्रात तेथे यात्रा भरते. तेव्हा रब्बीची रास झालेली असते आणि आसपासची शिवारे उघडी पडलेली असतात. बांध दुरुस्त करायला पावसाआधीचे हेच दिवस हाताशी असतात.